पॅराशूटनं उतरलो आणि गवतात बसून ओकलो. परत जाऊ का नको?

शेंगाचटणी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. म्हणजे हसा, पण उत्तर पण द्या.

दोन महिन्यांपूर्वी म्हैसूरला जाऊन टँडम स्कायडायव्ह केला. टँडम म्हणजे इन्स्ट्रक्टर पाठीशी बांधलेला, आपण नुसतं पुढं लटकायचं. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, दिवसभर लूमचा खडखडाट ऐकणारा माणूस, दीड वर्ष पैसे साठवून गेलो. उडीबद्दल तक्रार नाही, लई भारी. पोटात गोळा येईल वाटलं हुतं तो आलाच नाही. पण पॅराशूट उघडलं आणि तिथनं सगळं बिघडलं. दोन-चार गिरक्या झाल्या, तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला, कानात दडे, आणि खालची शेतं डावीकडनं उजवीकडं पळायलीत. कसाबसा उतरलो आणि उतरल्या उतरल्या गवतात बसून ओकलो. त्याचा पण व्हिडिओ आहे, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत त्यांनी. परतीच्या गोलगुंबझमध्ये बर्थवर आडवा झालो तरी डोळे मिटले की भिंगरी सुरू.

आता भानगड अशी की मी त्याच जोशात थायलंडचा एएफएफ कोर्स बुक करून बसलोय. म्हणजे एकट्यानं उडी मारायचं शिक्षण. घरात फक्त बायकोला माहितीय. टँडमला मागं माणूस हुता. एकट्याला वर चक्कर आली तर दोऱ्या कोण ओढणार? हे दरवेळी होणार का? माझी ठेवणच अशी आहे का?

होटगीरोड

धागाकर्ते, ज्यांच्या शेतात गवत होतं त्यांचा पण धागा येऊ द्या, दोन्ही बाजू कळतील.

बाकी २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हाच मी म्हणलं होतं, आता विमानं येणार आणि लोक त्यातनं उड्या मारणार.

विजापूरवेस_वहिनी

अहो भाऊ, मला तुळजापूरच्या घाटात यष्टीच्या खिडकीशिवाय जमत नाही आणि तुम्ही विमानातून उडी मारून विचारताय की चक्कर का आली 😂 आलेपाक घेऊन जा, दोन वड्या आधी दोन वड्या नंतर. लिंबू हुंगायचं. माझ्या सासूबाईंचा उपाय म्हणजे पोटावर वर्तमानपत्र ठेवायचं, तो मात्र चालत नाही, मी चाळीस वर्षं बघतेय.

रोखठोक

स्पष्ट बोलतो राग मानू नका. ही भीती आहे. चक्कर बिक्कर काही नसते, मनाचा खेळ. ज्याला जमत नाही त्यानं गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसावं.

आकाशवेडा (पुणे)

@रोखठोक, तुमच्या किती उड्या झाल्या? माझ्या साठच्या वर झाल्यात आणि पहिल्या दहांपैकी चार वेळा मला मळमळलंय. भीतीचा भाग असतोच, पण धागाकर्त्यानं नीट लिहिलंय बघा, पडताना काही झालं नाही, कॅनॉपी (पॅराशूटचं छत) उघडल्यावर झालं. नुसती भीती असती तर दारात उभं असताना झालं असतं.

पोटात गोळा का आला नाही ते सांगतो. पाळण्यात आपण वर थांबतो आणि एकदम खाली येतो म्हणून आतडी वर आल्यासारखी वाटतात. विमान आधीच जोरात पुढे चाललेलं असतं, त्या वेगानंच आपण बाहेर पडतो आणि पुढचा वेग हळूहळू खालच्या दिशेला वळतो. दहा-बारा सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटर झाले की मग वाढत नाही, हवा खालून उचलून धरते. पोटाला कळतच नाही की आपण पडतोय. चक्रीवादळात पालथं झोपल्यासारखं असतं ते.

कॅनॉपीखाली मात्र तुम्ही झोपाळा होता. पाच-सात मिनिटं लटकायचं, आणि टँडमवाला पॅसेंजरला मजा यावी म्हणून एका बाजूची दोरी ओढून स्पायरल, म्हणजे गिरक्या, मारतो. त्यात अंगाचं वजन दुप्पट-तिप्पट झाल्यासारखं होतं, रक्त पायाकडं जातं, आणि तुम्ही बघत असता त्याच्या मनगटावरच्या कॅमेऱ्याकडे किंवा थेट बुटांच्या खाली. जगातला कुठलाही माणूस ओकेल. इन्स्ट्रक्टरला फक्त "स्पिन नको" एवढं सांगायचं. विमानात बसायच्या आधी सांगायचं, वर गेल्यावर आवाज येत नाही.

आणि महत्त्वाचं. एएफएफमध्ये दोऱ्या तुमच्या हातात असतात. तुम्ही ओढलं तरच वळतं. स्वतः स्टिअरिंग धरलं की गाडी लागत नाही, मागं बसलेल्याला लागते, तसंच.

गड्डा_रिटर्न्स

रोखठोकराव, गड्ड्याचा पाळणा काय साधा समजताय का? संक्रांतीच्या गर्दीत वर नेऊन थांबवतात तो पाच मिनिटं, खाली सीटा भरेपर्यंत. ते लटकणं ज्यानं सोसलं त्याला थायलंड म्हणजे कायच नाही. आमचा एक दोस्त वर गेल्यावर ऑपरेटरला मोठ्यानं हाका मारायला लागला, तवा त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

सुभेदार_माढा

सर्वांना जय हिंद. मी पॅरामध्ये, म्हणजे फौजेच्या छत्रीधारी पलटणीत होतो, आग्र्याला ट्रेनिंग झालं. आमची उडी वेगळी, साडेबाराशे फुटांवरून, पॅराशूटची दोरी (स्टॅटिक लाईन) विमानातल्या केबलला अडकवलेली असते त्यामुळे पॅराशूट आपोआप उघडतं, पाच उड्या झाल्या की विंग्ज, म्हणजे पंखांचा बिल्ला, छातीवर. तेव्हा फ्रीफॉलच्या (पॅराशूट उघडायच्या आधी पडण्याच्या) गोष्टी पुण्याच्या साहेबांनी सांगाव्यात, मी विमानातल्या सांगतो.

मे महिना, एएन-३२, दुपारचे दोन, जमिनीवरून गरम हवा उठतेय आणि विमान खाली खाली उडतंय. पाठीवर पॅराशूट, पोटावर रिझर्व्ह म्हणजे जादाचं पॅराशूट, गुडघे समोरच्याच्या गुडघ्याला. एकानं ओकलं की रांगच लागते. कुणी टोपीत, कुणी पिशवीत. आणि मग दार उघडतं, गार वारा तोंडावर येतो, हिरवा दिवा लागतो, आणि जो मघाशी मरायला टेकला होता तो सगळ्यात आधी बाहेर. आम्ही म्हणायचो की उडी मारली कशाला तर विमानातून सुटका व्हावी म्हणून.

त्यामुळे रोखठोक साहेब, ओकणारे भित्रे असतात हे मी तरी मान्य करणार नाही. त्यातले दोघे पुढे मेडल घेऊन आले.

होटगीरोड

सुभेदार साहेबांना कडक सलाम. रोखठोक, आता पाळण्यात तुम्हीच बसा.

बाराबंदी (कान-नाक-घसा, सोलापूर)

उशिरा आलो, ओपीडी होती. धाग्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच "चक्कर" नाव दिलं जातंय, पेशंटही तसंच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात पाणी असतं. डोकं फिरलं की ते हलतं आणि मेंदूला कळतं आपण कुठं वळतोय. आता ताक घुसळताना रवी थांबवली तरी ताक थोडा वेळ फिरतच राहतं की नाही? गिरकी थांबल्यावर कानात तेच होतं. कान सांगतो फिरतोय, डोळे सांगतात सरळ चाललोय, आणि मेंदूला या भांडणाचा निकाल लावता आला नाही की तो पोटावर काढतो. गाडी लागणं, बोट लागणं, पाळणा लागणं, सगळं एकच. कान ठणठणीत असलेल्या माणसालाच हे होतं हे लक्षात घ्या. ज्याचे आतले कान दोन्हीकडचे निकामी आहेत त्याला गाडी लागत नाही. तेव्हा "माझी ठेवण" वगैरे मनातून काढा, काही जणांना लवकर लागते, काहींना उशिरा, एवढंच. अंतराळवीरांमध्येही निम्म्याहून जास्त जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. १९८४ मध्ये राकेश शर्मांनी सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकावर योगासनं केली होती ती वजनरहित अवस्थेतल्या त्रासांवर उपयोग होतो का ते बघायला.

दुसरी गोष्ट दडे. १३ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. प्रवासी विमान वीस-पंचवीस मिनिटं सावकाश उतरतं तेव्हासुद्धा पोरं रडतात, इथं तुम्ही सात-आठ हजार फूट मिनिटाभराच्या आत पार करता. नाक मोकळं असेल तर गिळलं, जबडा हलवला की कान सुटतो. सर्दी असेल तर नाकाला कानाशी जोडणारी नळी सुजलेली असते आणि कान आतून ओढला जातो. त्यात एक कान सुटला आणि दुसरा नाही, तर दोन्हीकडच्या दाबातल्या फरकानंच गरगरतं. डोळ्यांसमोर शेतं पळणं हे तसंही असू शकतं.

तिसरी गोष्ट पूर्ण वेगळी: डोळ्यापुढं अंधारी, गार घाम, आवाज लांबून आल्यासारखे. ती चक्कर नाही, ती घेरी. पोट रिकामं, पाणी कमी, आणि हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुतून न हलता लटकणं. पायातलं रक्त वर यायला पोटऱ्या हलाव्या लागतात.

धागाकर्ते, तुम्हाला मला तीन प्रश्न आहेत. काय खाल्लं होतं? सर्दी होती का? कुठली गोळी घेतली होती का?

आकाशवेडा

डॉक्टरांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१. टँडमचा पॅसेंजर पांढरा पडायला लागला की इन्स्ट्रक्टर कमरेचे हुक थोडे सैल करतो आणि आपल्या पायांवर त्याला उभं राहायला सांगतो. लाजायचं नाही, बोलायचं.

निनाद_सॅनहोजे

सर्दीचा अनुभव माझा घ्या. पहिल्या टँडमला नाक थोडं चोंदलेलं होतं, पैसे भरले होते म्हणून नाकात स्प्रे मारून गेलो. वर जाताना काहीच नाही. खाली येताना डाव्या भुवईच्या वर कुणी खिळा ठोकतंय असं वाटलं. आठवडाभर डावा कान पाण्याखाली असल्यासारखा. ऑफिसमध्ये लोकांना उजवीकडे बसवायचो.

अजून एक, स्कूबा केलं असेल तर लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी उडी नको, किमान २४ तास जाऊ द्यायचे. थायलंडला जाणारे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये घेतात म्हणून सांगतोय.

पार्कचौक

अरे एवढी चर्चा कशाला, अ‍ॅव्होमिन घ्यायची अर्धा तास आधी, विषय संपला. मी गोव्याच्या बसला कायम घेतो.

बाराबंदी

विषय संपत नाही, तिथं सुरू होतो. बसमध्ये तुम्ही झोपलात तरी ड्रायव्हर जागा असतो. एएफएफमध्ये ड्रायव्हर तुम्ही. ती गोळी झोप आणते, हात सावकाश चालतात, आणि साडेपाच हजार फुटांच्या आसपास हँडल ओढायचं भान तुमचं तुम्हाला ठेवायचंय. टँडमला डॉक्टरला विचारून ठीक, एकट्याला नको. सर्दीच्या कित्येक गोळ्याही तशाच. आणि ते चक्करचं औषध, बीटाहिस्टीन, मेडिकलमधनं स्वतःहून आणून खाऊ नका, ते वेगळ्या आजाराचं आहे.

पार्कचौक

पण परदेशात लोक सर्रास मळमळीची औषधी पट्टी लावतात की कानामागं? ते चालतं आणि आमची गोळी चालत नाही.

बाराबंदी

तिच्यानंही तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते. ती लावून उडी मारा असं मी म्हणालो नाही.

विजापूरवेस_वहिनी

आलेपाकाबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत म्हणजे मी जिंकले.

बाराबंदी

आल्यानं मळमळ थोडी कमी होते, झोप येत नाही. वहिनी, तुम्ही जिंकलात.

कडकभाकरी

अवांतर: माझं वय ५२, साखर आहे, गोळीवर आहे. नवऱ्याला न सांगता टँडम करायची इच्छा आहे. शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून १३ हजार फुटांवरून उडी मारली होती तेव्हापासून डोक्यात आहे.

बाराबंदी

ताई, तुमच्या फिजिशियनना भेटून, साखर किती वर-खाली होते ते बघून. उपाशी मात्र बिलकुल जायचं नाही. गोळी घेऊन वाऱ्यासाठी चार तास थांबलात तर साखर खाली येईल आणि ती घेरीच असेल.

होटगीरोड

नवऱ्याला सांगू नका, पण नऊवारी नेसून गेलात तर पेपरात येईल आणि कळेलच.

शेंगाचटणी

बापरे, एवढी उत्तरं. ड्युटी लागली होती, आत्ता सगळं वाचलं. डॉक्टर, खरं सांगायलो, शिव्या देऊ नका.

१) त्या दिवशी संकष्टी होती. सकाळी चहा, एक केळं. वाऱ्यामुळं विमान उडेना, तिथंच उन्हात पाच तास बसलो. खाऊन गेलं की ओकारी होते असं कुणीतरी सांगितलेलं म्हणून उपास आहे तेच बरं वाटलं.
२) सर्दी हुती. थोडी.
३) त्याची गोळी पण हुती. झोप येणारी.
४) हे विचारलं नाही पण सांगतो. पॅराशूट उघडल्यावर इन्स्ट्रक्टर कानात इंग्रजीत कायतरी म्हणाला, मला वाऱ्यात कळालं नाही, म्हणून अंगठा दाखवला. मग त्यानं गिरक्या मारल्या. मग परत विचारलं. मी परत अंगठा दाखवला.

सुभेदार_माढा

😄😄 जवान, पहिली चूक माफ. दुसऱ्यांदा अंगठा?

बाराबंदी

म्हणजे मी तीन कारणं लिहिली आणि तुम्ही एकही सोडलं नाही. कान तपासून घ्या जाण्याआधी. पडदा नीट आहे ना बघायला पाच मिनिटं लागतात. आणि गादीवर कूस बदलताना अजूनही गरगरत असेल तर ते आणखी वेगळं प्रकरण, कानातले बारीक खडे जागेवरून हललेले असतात, त्याला गोळी नाही, डोकं विशिष्ट पद्धतीनं फिरवून ते जागेवर आणता येतात. एका कानानं ऐकू कमी आलं, किंवा चक्कर दिवसभर थांबली नाही, तर मात्र धागा काढत बसू नका, सरळ दवाखाना.

रोखठोक

मी माझं विधान मागे घेत नाही, पण संकष्टीचं माहीत नव्हतं.

आकाशवेडा

थायलंडसाठी थोडं. विमान छोटं असतं, पंधरा-वीस मिनिटं गोल गोल चढतं, आत घाम आणि इंधनाचा वास. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरकडं टक लावून बसू नका, खिडकीतून लांब क्षितिज बघा. श्वास बाहेर सोडायचा, सावकाश. नवशिके घाबरून भराभर आत घेत राहतात, मग बोटांना मुंग्या येतात आणि त्यांना वाटतं हार्टअटॅक. पडताना पण श्वास कोंडतात, तिथं ओरडायचं, ओरडलं की आपोआप सुटतो.

वर जाऊन बरं वाटलं नाही तर विमानातच बसून खाली यायचं. पैसे जातील, जाऊ दे. आणि शेवटची भीती: बेशुद्ध झालात तर? पडत असताना ठरावीक उंचीखाली गेलात तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र पाठीवर असतं. पॅराशूट उघडल्यावर हात सोडून दिले तरी ते सरळ उडत राहतं, फक्त उतरताना ब्रेक मारला नाही तर पाय मोडायची सोय होते. म्हणून थोडं जरी अंधारल्यासारखं झालं तर वळणं बंद, सरळ उडायचं, पाय हलवत राहायचं. हेल्मेटला रेडिओ असतो, खालचा माणूस सांगेल तसं.

गड्डा_रिटर्न्स

रेडिओवर इंग्रजीत बोलला तर अंगठा दाखवू नका म्हणजे झालं.

शेंगाचटणी

*(सात आठवड्यांनी)*

धागा वर काढतोय, माफी. जाऊन आलो.

कान तपासले, पडदे ठीक. गादीवरची भिंगरी आपोआप थांबली हुती. रोज सकाळी भात-अंडं खाऊन जायचो, खिशात केळं, आणि पाण्याची बाटली सतत. पहिल्या उडीला दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूला धरून. विमानात मळमळलं, वास लई घाण. क्षितिज बघत बसलो आणि सोलापूरच्या सगळ्या चौकांची नावं क्रमानं म्हणत श्वास सोडत गेलो, सात रस्त्यापर्यंत आलो तवा दार उघडलं. पॅराशूट उघडल्यावर मी स्वतः हळू वळवलं, कायच झालं नाही. अगदी कायच नाही. रडू आलं जरा.

तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या एसीनं नाक चोंदलं. गप्प बसणार हुतो, कारण दिवसाचे पैसे भरलेले. मग निनादची भुवई आठवली आणि सांगून टाकलं. त्यांनी दोन दिवस बसवलं. दोन दिवस नुसतं दुसऱ्यांच्या उड्या बघायच्या म्हणजे लग्नाला जाऊन न जेवल्यासारखं. त्यामुळं कोर्स अर्धाच झाला, चार लेव्हल झाल्या आणि सुट्टी संपली. चौथ्याला परत घेरीसारखं वाटलं, कारण त्याच दिवशी तिसरी आणि चौथी लागोपाठ घेतली, मधे खायला वेळ नव्हता. वळणं बंद केली, सरळ उडालो, पाय हलवले, उतरून दहा मिनिटं सावलीत पडलो. ओकलो नाही.

उरलेल्या लेव्हलसाठी परत पैसे साठवायला लागणार. वडिलांना कळालंय, बायकोनं स्टेटसला फोटो टाकला. ते दोन दिवस बोलले नाहीत, काल विचारलं, वरनं उजनी धरण दिसतं का म्हणून.

विजापूरवेस_वहिनी

ते सगळं राहू द्या भाऊ. आलेपाक नेला होता का नाही?

शेंगाचटणी

नेला हुता की वहिनी, अर्धा किलो. मला दोनच वड्या मिळाल्या. बाकीचा पायलटनं खाल्ला, आणि आता पुढच्या वेळी एक किलो आण म्हणालाय.